या, बसा, घ्या

लहानपणी मी पडले, की बाबा आधी जमिनीकडे बघायचे. "फरशीला फार लागलं का गं?" असं काळजीनं विचारायचे. मी रडत रडत फरशी तपासायची. फरशीला काही झालेलं नसायचं, आणि तेवढ्या वेळात माझ्या रडण्यातलं पाणी संपलेलं असायचं. मग आई गुडघ्याला हळद लावायची. बाबा औषधाच्या दुकानात कामाला होते, घरात मलमाच्या नळ्या सगळीकडे लोळत असायच्या, तरी आमच्याकडे हळदच लागायची. "मलम गिऱ्हाइकांसाठी असतं," हे वर बाबांनीच सांगायचं.

दुकान नारायण पेठेत होतं आणि आम्ही राहायचो कोथरूडला, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर. बाबा सकाळी बसनं जायचे, दुपारी दुकान बंद असलं तरी तिथेच एका बाकावर आडवे व्हायचे आणि रात्री जेवायला घरी. दिवसभरात गिऱ्हाइकांना काय काय बोलले त्यातलं निवडक आम्हाला जेवताना ऐकायला मिळायचं. कुणी विचारलं, "गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" तर बाबा म्हणणार, "स्वयंपाक कोण करतंय त्यावर आहे." दुकान बंद करताना अर्ध्यावर आणलेलं शटर बघून कुणी म्हटलं, "बंद झालं का हो?" तर, "नाही, शटर जरा वाकून रस्ता बघतंय." आश्चर्य म्हणजे माणसं परत परत त्याच दुकानात यायची. मला वाटतं काहींना औषधापेक्षा बोलून घेण्याची गरज जास्त असावी.

घरात तर काय, मोकळं रान. दिवे गेले की, "चला, आता सगळे सारखेच देखणे." आमटीत मीठ जास्त पडलं की ते आईला अगदी मऊ आवाजात विचारायचे, "मिठाचा पुडा संपला असेल ना? येताना आणतो." चपला घालून दारात उभे असताना शेजारच्या काकांनी "निघालात वाटतं?" म्हटलं, तर "नाही, चपलांचं माप घेतोय." पाहुण्यांबद्दल त्यांचं ठाम मत होतं, की पाहुणे दोनदा जातात. एकदा "चला, निघतो" म्हणतात तेव्हा, आणि मग अर्ध्या तासानं खरंच. एकदा एका पाहुण्यांसमोरच हे बोलून गेले. ते पाहुणे त्या दिवशी मात्र एकदाच गेले.

परीक्षेत माझा पहिला नंबर आला तेव्हा प्रगतिपुस्तक डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी विचारलं होतं, "बाकीच्या आजारी होत्या का?" मला भयंकर राग आला होता. मैत्रिणींचे बाप मुलींच्या पाठीवरून हात फिरवायचे, पेढे वाटायचे. आमच्याकडे पाठीला चिमटा. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, लग्नात यांनी मला हार घातला तेव्हा काय म्हणाले सांगू? 'मानेला टोचला तर सांगा, बदलून मिळतो.' मी तेव्हाच ओळखलं काय वाढून ठेवलंय ते." असं म्हणून ती हसली. ती हसायची, हेच मला तेव्हा कळत नव्हतं.

मग ते दिवस आले, जेव्हा पुण्यात प्रत्येक घरातून एक तरी पोर कॉम्प्युटरपुढे जाऊन बसलं. आमच्या सोसायटीत केबल आली, तेव्हा बाबा म्हणाले, "आधी एकाच प्रकारचा कंटाळा होता, आता निवड आहे." आमच्या मागच्या मोकळ्या माळावर इमारती उठल्या, आणि मी कॉलेज संपवून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. शतक बदलताना जगातले कॉम्प्युटर बंद पडतील अशी तेव्हा सगळ्यांना धास्ती होती आणि जुने प्रोग्रॅम उघडून त्यातली वर्षं दुरुस्त करायचं काम आमच्यासारख्या नव्या पोरांना मिळालं होतं. शेजारच्या काकांनी विचारलं, "मुलगी नेमकं काय करते?" तर बाबा म्हणाले, "साहेबांनी वर्ष लिहिताना दोन आकडे वाचवले. ते ही परत भरतेय." इतकं नेमकं उत्तर मला स्वतःलाही देता आलं नसतं. मी पहिला मोबाईल घेतला, तेव्हा त्यावर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. बाबांनी तो हातात घेऊन वजन करून बघितला. "म्हणजे बोलणार ते आणि भुर्दंड आपल्याला. पाहुण्यांसारखंच आहे हे." 

नोकरी लागली म्हणजे पुढचा विषय आलाच. आईनं माझं नाव वधूवर सूचक मंडळात नोंदवलं आणि आमच्या घरी पोह्यांचे कार्यक्रम सुरू झाले.

पहिल्या स्थळाच्या बाईंनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" आई उत्तर देणार एवढ्यात बाबा म्हणाले, "येतो की. आम्ही दोघं अजून आहोत, हा पुरावा तुमच्यासमोरच बसलाय." बाईंचा चमचा हवेत थांबला. दुसरं स्थळ अमेरिकेतलं होतं. मुलाचे वडील तिकडच्या घराचं वर्णन करत होते, पुढे अंगण, मागे अंगण, गाडीला वेगळी खोली. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "एवढं सगळं सोडून मुलगा इकडे कशाला आलाय?" ते लोक बशीत पोहे ठेवून उठले. दोन्ही मुलांबद्दल मला काहीही वाटलं नव्हतं, त्यामुळे मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसले. आई हसली नाही. तिनं बाबांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात दार लावून बोलणं हे फक्त बाहेर भांडी घासणाऱ्या बाई असल्या तरच व्हायचं, आणि त्या दिवशी त्या आल्याही नव्हत्या.

तिसऱ्या स्थळाच्या आदल्या दिवशी आईनं फर्मान काढलं. "अहो, उद्या तुम्ही तीनच शब्द बोलायचे. 'या', 'बसा' आणि 'घ्या'. चौथा शब्द तोंडातून निघाला तर बघा."

"निघताना 'या' पुन्हा म्हटलं तर तो चौथा धरणार का?"

"धरणार," आई म्हणाली. बाबांनी मान हलवली. मला वाटलं, दहा मिनिटं टिकेल.

मुलगा मूळचा अमरावतीकडचा. शिकायला पुण्यात आला आणि इथेच नोकरीला लागला. वडील लहानपणीच गेलेले, आई तिकडच्या शाळेत शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर मुलाजवळ वारज्याला येऊन राहिलेली. दोघंच आले होते. त्या बाई खुर्चीत बसल्या त्याच मुळी घरच्यासारख्या, पदर खोचून. "गर्मी हाय ना जी पुण्यात यंदा?" त्यांनी बाबांना विचारलं.

"बसा," बाबा म्हणाले. त्या बसलेल्याच होत्या.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. आमचे पुणेरी पोहे, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, कडेला लिंबाची फोड. बाईंनी एक घास घेतला, बशीत इकडेतिकडे बघितलं, ट्रेमध्ये बघितलं, माझ्या पाठीमागेही बघितलं. "पोहे मस्त झाले. पण तर्री नाई का टाकत तुमच्याकडे?"

"तर्री म्हणजे?" आईनं विचारलं.

"रस्सा बाप्पा! चण्याचा, लाल, झणझणीत. आमच्याकडे त्याच्याशिवाय कोणी पोह्याले हात नाई लावत."

मी बाबांकडे बघितलं. बाबांच्या तोंडात काही यायचं असलं, की आधी त्यांची डावी भुवई वर जायची. ती गेली. कपाळाच्या अर्ध्यापर्यंत गेली. कोरड्या पोह्यांवर रस्सा ओतण्याबद्दल कोथरूडातला माणूस काय काय बोलू शकतो, याची नुसती कल्पना करा. आईनं चहाच्या कपावरून त्यांच्याकडे एकदाच बघितलं. भुवई खाली आली. "घ्या," बाबा म्हणाले.

तासभर असंच चाललं. बाई मोकळेपणानं बोलत होत्या, प्रश्न विचारत होत्या, आई जपून जपून उत्तरं देत होती आणि बाबा पंख्याकडे बघत होते. मुलगा मात्र मला आवडायला लागला होता. कंपनीत काय करतोस, असं आईनं विचारल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्यांच्या चुका शोधतो. संध्याकाळपर्यंत नाही सापडल्या, तर ती माझी चूक धरतात." हे तो हसू न आणता म्हणाला. मला वाटलं, अरे, हा तर आपल्याच गल्लीतला.

आम्हाला दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. त्यानं आधी मागे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

"नाही. का?"

"सगळे फार जपून बोलतायत."

मला एवढं हसू आलं, की कठड्याला धरून उभं राहावं लागलं. त्याला सगळी हकिगत सांगावी म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं आतून हाक मारली.

ते गेले. आई खुशीत होती. "पाहिलंत? मनावर घेतलं की जमतं तुम्हाला." आता धरण फुटणार, तर्रीपासून सुरुवात होणार, म्हणून मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. बाबांनी शेजाऱ्यांकडून आणलेल्या घडीच्या खुर्च्या एकेक करून मिटल्या, भिंतीला लावल्या आणि "देऊन येतो" म्हणून गेले. परत आल्यावर पेपर वाचत बसले. त्यांना पोह्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं. मला वाटलं, दमले असतील.

दोन-तीन दिवसांनी त्याचा माझ्या ऑफिसात फोन आला. आवाज पडलेला होता. "आई म्हणते, तुझ्या बाबांच्या मनात नाही. मुलीचा बाप एवढा गप्प बसतो म्हणजे त्याला स्थळ पसंत नाही आणि तोंडावर नाही म्हणता येत नाही. ती म्हणते, उगाच कोणावर ओझं नको. उद्या मंडळात तसं कळवणार आहे."

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तीन शब्द, आईचं फर्मान, आधीची दोन स्थळं, सगळं. तो खूप हसला. मग म्हणाला, "मी आईला सांगून बघतो. पण ती म्हणेल, मुलगी सांभाळून घेतेय."

तसंच झालं, हे त्यानं दुपारी पुन्हा फोन करून सांगितलं. आणि मला तो हवा होता. आजवर मी कुठल्याच गोष्टीसाठी असं घाबरले नव्हते. संध्याकाळी घरी येऊन मी आईला सांगितलं, तेव्हा मला रडू फुटलं.

आई डोक्याला हात लावून बसली. "बोललात म्हणून दोन गेली आणि बोलला नाहीत म्हणून तिसरं चाललंय. आता माणसानं करावं तरी काय?" ती बाबांकडे बघून म्हणाली. मला वाटलं, आता तरी काहीतरी येईल. आयतं ताट वाढून ठेवलं होतं.

बाबा म्हणाले, "मी जाऊन भेटतो त्यांना. उद्याच."

"काय बोलणार आहात?"

"बघू." 

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली, कारण बाबांना गाडी येत नव्हती आणि वारज्याचं ते घर सापडलंही नसतं. आंब्याच्या बर्फीचा पुडा मांडीत धरून ते माझ्या मागे बसले. माझ्या गिअर नसलेल्या गाडीला ते मिक्सर म्हणायचे, आणि मागे बसले की त्यांचं धावतं समालोचन सुरू व्हायचं. "डावीकडे खड्डा, उजवीकडे बस, देव दोन्हीकडे नाही." त्या दिवशी कर्वे रस्ता संपून पुढे पूल आला, तरी मागून शब्द नाही. आरशात नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

मी खालीच थांबायचं असं ठरलं होतं. लग्न ठरायच्या आधी मुलीनं मुलाच्या घरी जायचं नसतं, असं आईनं बजावलं होतं. बाबा जिना चढून गेले आणि मी गाडीवर बसून नखं खात राहिले. दोन मिनिटांत वरच्या गॅलरीतून बाई वाकल्या. "अवं पोरी, खाली काहून उभी राहिली उन्हात? वर ये."

वर गेले. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात चहाचं भांडं. बाबा खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते, बर्फीचा पुडा अजून हातातच. बाई त्यांच्यासमोर खाली सतरंजीवर बसल्या. "हं, भाऊ. पोरगा म्हणते की तुम्हाले घरून बोलायची मनाई होती. असंल. पण मले तुमच्याकडून ऐकायचं हाय. तुमच्या मनात हाय का नाई? नसंल तर सरळ सांगा. आम्हाले राग नाई."

बाबांची भुवई वर गेली. मी मनात म्हटलं, बाबा, आज नको. आज प्लीज नको. भुवई तिथेच थोडा वेळ थांबली आणि खाली आली.

"नाहीये," बाबा म्हणाले.

त्याच्या हातातलं भांडं दाराच्या चौकटीला आपटल्याचा आवाज आला.

"तुम्ही बरोबर ओळखलंत," बाबा पुड्याच्या दोऱ्याकडे बघत म्हणाले. "आधीची दोन स्थळं मी घालवली. आमच्या घरी वाटतं, मला सवय आहे म्हणून मी बोललो. सवय आहेच, पण मी बोललो ते त्यांनी जावं म्हणूनच. या वेळी मला गप्प बसायला सांगितलं नसतं, तरी मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. तुमच्या मुलात नाव ठेवायला काही सापडेना. मी तासभर पंख्याकडे बघून शोधत होतो."

बाबांनी चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, तसाच परत घातला.

"माझ्या मनात नाही, ते सोडा. ते कुठलंही स्थळ आलं तरी नसणारच आहे. तिच्या मनात आहे. ती म्हणालेली नाही मला, पण पोहे देताना तिनं याच्या बशीत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त खोबरं घातलं होतं. हिच्या आईकडे मी इतकी वर्षं मागतोय, मला कधी मिळालं नाही तेवढं. मी बघितलं ना. तेव्हा म्हटलं, तेवढं तुम्हाला येऊन सांगावं."

मी खोबरं जास्त घातलं होतं, हे मलाही माहीत नव्हतं. मी कुठे बघावं ते न कळून खिडकीबाहेर बघायला लागले, आणि बाहेरचं सगळं ओलं दिसायला लागलं.

बाईंनी पदरानं नाक पुसलं. "एवढंच ना जी? मंग माझ्या तरी मनात कुठं हाय? एकच पोट्टा हाय माझा. तिकून सगळं सोडून याच्याजवळ आली मी. आता हे पोरगी येईल, मंग हे दोघं बोलतील, हसतील, आन् मी एकटी टीव्ही बघत बसीन. मले काय हौस हाय?" 

"मग?" बाबांनी विचारलं. खरंच विचारलं, अगदी सल्ला मागावा तसं.

"मंग काय, करायचं लग्न," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडल्या, "अरे, उभा काय राहिला? सोयरे आले, चहा ठेव!"

मग ती दोघं, ज्यांच्या मनात नव्हतं, कॅलेंडर भिंतीवरून काढून सतरंजीवर पसरून बसली आणि साखरपुड्याची तारीख बघायला लागली. बाबा म्हणत होते, पुढच्या महिन्यात उगाच घाई होईल. बाई म्हणत होत्या, त्याच्या पुढच्याही महिन्यात घाईच होईल. दोघांचं फार लवकर जमत होतं.

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी गाडी सुरू केली, बाबा मागे बसले. एरवी ते गाडीची मागची दांडी धरायचे, त्या दिवशी त्यांनी माझा खांदा धरला. पूल ओलांडला, कर्वे रस्ता लागला, घर पाच मिनिटांवर आलं. मागून एक बस भोंगा वाजवत होती म्हणून मी वेग वाढवला, तर खांद्यावरचा हात जरा घट्ट झाला.

"हळू चालव गं," बाबा म्हणाले. "मला घरी पोचायची घाई नाही."